नऊ पाळण्यांचा आवाज

मी त्या घरात राहायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझं वजन केलं.

जिंतूरच्या बसमधून नुकतीच उतरले होते. एका हातात बॅग, खांद्यावर गादीची वळकटी आणि पर्समध्ये शिक्षिका म्हणून पहिल्या नेमणुकीचा आदेश. बाईंनी उंबऱ्यातच एक काटा पायानं पुढं सरकवला. "उभ्या ऱ्हा यावर. चपला काढा. वळकटी खाली ठिवा की मॅडम, का तिचंबी वजन तुमच्याच नावावर धरू?" मी मुकाट्यानं उभी राहिले. त्यांनी वाकून आकडा वाचला, वहीत टिपला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "शेहेचाळीस. पोरांना शिकवायच्या आधी तुमालाच खिचडी घालाया पायजे." साडेतीन वर्षांनी बदली होऊन निघाले तेव्हा मी त्रेपन्न भरले, आणि बाईंनी ते वहीचं पान अख्ख्या गल्लीत फिरवून दाखवलं.

बाई म्हणजे त्या गावच्या निवृत्त अंगणवाडी सेविका. तेहतीस वर्षं त्यांनी गावातलं एकेक मूल कापडाच्या झोळीत घालून तराजूला लटकवलं होतं. त्यामुळे पस्तिशीच्या आतल्या कुणाचं त्यांच्यापुढं काही चालत नसे. सरपंच मिशीला पीळ देत बोलायला लागले की बाई शांतपणे म्हणत, "दोन किलो शंभर होतास. सात म्हयन्याचा झालास तरी मान धरंनास. आता बघा, माइक धरायलाय." सरपंच बिचारे मिशीवरचा हात काढून घेत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सरकारी तराजू सही घेऊन जमा केला आणि दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन स्वतःचा विकत आणला. त्यावर त्या भोपळे तोलत, कोंबड्या तोलत, गल्लीत बाळंतीण आली की हक्कानं बाळ तोलत. एकदा शाळेच्या फाटकात उभं राहून त्यांनी माझ्या तिसरीच्या वर्गाची दप्तरं तोलली आणि यादी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. सगळ्यात जड दप्तरात दोन किलो बोरं निघाली. हेडमास्तर हसले, पण त्या दिवसापासून अर्धी पुस्तकं वर्गातल्या कपाटात राहायला लागली.

"आधी मोजा, मग बोंबला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी म्हणालं पोराला लय ताप आहे, की त्या विचारत, "किती?" कुणी म्हणालं पाऊस लय झाला, की "किती?" मतं मागायला आलेला एक पुढारी ओट्यावर बसून गावाचा लय विकास केला म्हणून सांगत होता, त्यालाही त्यांनी "किती?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट बघत वही उघडून बसल्या. तो चहा अर्धा टाकून उठला.

मी त्यांच्या घरात राहते हे माझ्या पाथरीच्या मामाला कळलं तेव्हा त्यानं फोनवर विचारलं, "कोणत्या गल्लीत म्हणालीस?" त्याला काय विचारायचंय ते मला समजलं. विहाराच्या अलीकडची गल्ली, दारावर निळा झेंडा, आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी म्हणाले, "बाईंच्या गल्लीत. त्यांना विचारशील तर तुझंही वजन करतील." मामानं पुन्हा तो विषय काढला नाही. पुढं एकदा भेटायला आला तेव्हा काट्यावर उभा राहून, अठ्ठ्याऐंशी किलोवर बोलणी खाऊन, ज्वारीच्या दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवून गेला.

आता आवाजाचं सांगायला हवं, कारण बाईंचं खरं वेड तेच होतं.

आमच्या त्या भागात जमीन आवाज करते. नवीन माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. राहायला गेल्यावर दहा-बारा दिवसांनी एका रात्री खाटेखालून ट्रक जावा तशी घरघर झाली आणि मग जमिनीच्या पोटात कुणीतरी मोठं दार आपटलं. मांडणीवरची ताटं वाजली. मी अंथरुणातून उठले की उडाले ते आठवत नाही, पण दारात पोचले तेव्हा अर्धं गाव गल्लीत होतं. म्हाताऱ्या देवाचं नाव घेत होत्या, पोरं रडत होती, मोबाइल वाजत होते. "तुमच्याकडं आला का?" "आमच्याकडं लय मोठा आला!" आणि या सगळ्या गोंधळात बाई कानाला मफलर गुंडाळून, बॅटरीच्या उजेडात वही धरून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, कुठल्या कुशीवर निजला व्हतात? आवाज उशीतून आला का कानावरून?" माझ्या दातावर दात बसत नव्हते. त्यांना उत्तर मिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

तालुक्याहून साहेब येऊन सांगून गेले होते की घाबरू नका, नोंदी होत आहेत. बाईंना ते पुरेसं वाटलं नाही. नोंदी कुणाच्या, तर कुठंतरी लांब ठेवलेल्या यंत्राच्या. गावच्या नोंदी गावानं ठेवायला नकोत? म्हणून त्यांनी स्वतःचं माप काढलं. आवाज किती मोठा, तर गावातली किती तान्ही पोरं जागी झाली यावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरोघर फिरत, बाळंतिणींना विचारत, आणि दुपारी जाहीर करत, "कालचा चार पाळण्यांचा." गाव आधी हसलं आणि मग तेच माप वापरायला लागलं. पारावर बसलेले गडी तंबाखू मळत म्हणायचे, "मागच्या आमुशाचा सात पाळण्यांचा व्हता बघ, ह्यो काय न्हाई." ताडकळसच्या बाजारात एकदा बैल विकायला गेलेल्या आमच्या गावच्या माणसानं तिथल्या लोकांना हे माप सांगितलं म्हणे, आणि त्यांनी त्याला वेड्यात काढलं.

दुसरं होतं वाटीचं. ताटात चुलीची राख चाळून पसरायची, मधोमध स्टीलची वाटी ठेवायची आणि ती काठोकाठ पाण्यानं भरायची. जमीन हलली की पाणी सांडणार आणि राखेवर काळा डाग पडणार. ज्या बाजूला डाग त्या बाजूची नोंद. मांजरानं तोंड घालू नये म्हणून वर कोंबड्यांचं डालगं. रोज दिवे लागायच्या वेळी वाटी पुन्हा काठोकाठ भरायची. अशा अकरा वाट्या बाईंनी गावभर बसवल्या होत्या. पाटलांच्या आळीत दोन, मातंग वस्तीत दोन, पिठाच्या गिरणीपाशी एक, अशा सगळीकडे. अकरावी माझ्या खाटेखाली होती, मला न विचारता ठेवलेली. अंधारात पाय लागून ती मी निदान पाचदा सांडली असेल. बाईंच्या वहीत त्या तारखांना माझ्या वाटीपुढं 'मॅडमचा पाय' असं लिहिलेलं आहे.

सगळं त्यांचं बरोबरच असायचं असं मुळीच नाही. साहेबांनी एकदा सांगितलं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढा, हादऱ्यानं खाली येतील. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की दोन दिवसांत शिडी घेऊन निम्म्या गावाचे पत्रे मोकळे केले. तिसऱ्या दिवशी वावटळ आली आणि गिरणीवाल्याचा पत्रा उडून थेट उकिरड्यावर जाऊन बसला. गिरणीवाल्यानं जे तोंड सोडलं ते इथं लिहिता यायचं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती लांब गेला?" आणि पावलांनी मोजून आल्या.

हे सगळं वाचून बाई विनोदी वाटत असतील. मलाही वाटत होत्या. शाळेत मधल्या सुट्टीत त्यांच्या नकला करून मी सहकाऱ्यांना हसवलंय, हे आज कबूल करायला पाहिजे.

मग ती रात्र आली. तुरी काढून झाल्या होत्या, थंडी कडक होती, गाव लवकर झोपलेलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर असा आवाज झाला की मी झोपेतच ओरडले. कडाड्, आणि लगोलग धाड्दिशी काहीतरी आदळल्याचा. गाव बाहेर आलं. कुत्री भुंकत होती, माणसं चादरी पांघरून रस्त्याच्या मधोमध बसली होती. सगळ्यांचं एकमत झालं की आजवरचा सगळ्यात मोठा. आणि होताच तो. सकाळी बाईंनी मोजला, नऊ पाळणे भरले. गावात तान्ही पोरंच तेव्हा नऊ होती.

पण त्या रात्री बाईंचं लक्ष पाळण्यांकडं नव्हतं. त्या बॅटरी घेऊन घरोघर फिरत होत्या आणि डालगी उचलून बघत होत्या. शेवटी माझ्या खाटेखाली वाकल्या. बोटानं राख चाचपली. मग उठून पारापाशी जमलेल्या लोकांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "अकराच्या अकरा वाट्यांची राख कोरडी. ही जमीन न्हाई."

"जमीन न्हाई तर काय आबाळ फाटलं?" कुणीतरी विचारलं.

"ते म्हाईत न्हाई. पर जमीन न्हाई."

"आता जमिनीनं बाईला इच्चारून आवाज कराया पायजे बघ!" सरपंच म्हणाले, आणि त्या थंडीत, त्या भीतीत सगळं गाव खदखदून हसलं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर कडेच्या खोलीवरची पाण्याची टाकी कललेली. हजार लिटरची काळी टाकी, खाली विटांचे चार खांब, त्यातला एक बसला होता. शिपाई वर चढला, विटा नीट लावल्या, टाकी सरळ केली आणि पुन्हा भरली. हेडमास्तर म्हणाले, "बघा, रात्रीच्या हादऱ्यानं टाकीसुद्धा हलवली." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात भिंतीला चीर गेली तर जमीन, दार बसेनासं झालं तर जमीन, दुधाचं भांडं उलटलं तरी जमीनच. जिथं जमीन खरोखर बोलते तिथं दुसऱ्या कशावर संशय घ्यायची सवयच राहत नाही. कडेची खोली माझ्या तिसरीची. त्या दिवशी मी एकतीस पोरं त्या टाकीखाली बसवून गुणाकार शिकवले.

संध्याकाळी जेवताना मी सहज टाकीचं बोलले. बाईंचा भाकरीचा घास हातातच राहिला.

"टाकी हलली?"

"हो ना. केवढा हादरा असेल बघा."

"मॅडम, हजार लिटरची टाकी हलती आन माझ्या वाटीतलं पाणी हलत न्हाई? असं कसं?" त्या ताटावरून उठल्या. "किल्ली हाय ना तुमच्यापाशी? चला."

खोलीत दिवा लावून बाईंनी वर बघितलं. टाकीच्या बरोबर खाली तुळई जाते, तिला बुडाशी एक चीर होती. मी रोज त्या खोलीत सहा तास असायचे, पण वर बघितलं असेल तर शपथ. बाईंनी बाकावर बाक ठेवायला लावला, पासष्ट वर्षांच्या त्या बाई वर चढल्या, चिरेला बोट लावलं आणि म्हणाल्या, "कडाड् झालं ती ही तुळई. धाड् झालं ती टाकी." आधी मला पाठवून शिपायाला बोलावलं आणि टाकीची तोटी मोकळी सोडायला लावली. मग घरून खळ आणि जुन्या वहीचा कागद आणला, दोन बोटं रुंदीच्या तीन पट्ट्या कापल्या आणि चिरेवर आडव्या चिकटवल्या.

"ह्यानं काय होणार?" मी विचारलं.

"चीर निजलेली असंल तर कागद ऱ्हाईल. वाढायली असंल तर फाटंल. वाढतंय का न्हाई ते बघायलाच तर जलम गेला माझा."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा तीनही पट्ट्या मधोमध फाटल्या होत्या. टाकी रिकामी करूनही.

पोरं यायला सुरुवात झाली होती. बाई खोलीच्या दारात मांडी घालून बसल्या. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा माणूस होता. त्यांनी समजावलं की कळवलेलं आहे, इंजिनियर येतील, वरून लेखी आल्याशिवाय खोली बंद ठेवता येत नाही. आज तर केंद्रप्रमुख भेटीला यायचेत, ते काय म्हणतील? बाई हलल्या नाहीत. मग हेडमास्तरांचा आवाज चढला. "बाई, तुम्ही निवृत्त आहात. शाळेशी तुमचा संबंध काय? ही पोरं शाळेची जबाबदारी आहे."

बाईंनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं. रागावल्या नव्हत्या. दाराशी गोळा झालेल्या पोरांकडं त्यांनी बोट केलं. "ती बारकी हाय ना, एक किलो सातशेची व्हती. तिच्या आईला दूध न्हवतं. त्यो मागचा, शर्टाचं बटन तुटलेला, दोन वर्सं वजनाच्या तक्त्यात लाल रेघंच्या खाली व्हता, त्याला वर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. तुमी ह्यांना हजेरीत बघितलंय सर. मी ह्यांना ग्रामग्रामानी वाढवलंय. सबंध म्हंजी काय असतो?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. तिसरीची वर्गशिक्षिका मी. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. पण आदल्या दिवशी त्याच खोलीत मी नऊचा पाढा म्हणवून घेतला होता, ते आठवलं. मी म्हणाले, "तिसरी, रांग करा. लिंबाखाली बसायचं." एकतीस पोरं किंचाळत लिंबाकडं पळाली. हेडमास्तर म्हणाले, "मला तुमच्यावर लेखी ठेवावं लागेल." मी म्हणाले, "ठेवा सर." असं वाक्य मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी इंजिनियर आले. गॉगल डोक्यावर, हातात लोखंडी गज. बाईंच्या कागदाच्या पट्ट्या बघून हसले, मोबाइलमध्ये फोटो काढला, म्हणाले, "आजीबाई, हे वरचं प्लास्टर असतं." आणि दाखवायला म्हणून गजानं तुळईला टोचलं. पायलीएवढा तुकडा त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पडला, आणि वर गंजून सुतळीसारख्या झालेल्या सळया उघड्या पडल्या. साहेब दाराबाहेर काढून ठेवलेले बूट न घालताच गाडीपर्यंत गेले. बूट शिपायानं नेऊन दिले.

गोष्ट इथं संपली असती तरी मी बाईंचा मोठेपणा सांगत फिरले असते. पण पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की भूगर्भातील हालचालींमुळे तुळईस तडा गेला असून सदर खोली बंद करावी. उर्वरित दोन खोल्या सुस्थितीत आहेत.

बाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "जमिनीवर आळ घ्यायलेत," त्या म्हणाल्या. "तिन्ही खोल्या एकाच साली, एकाच गुत्तेदारानं, एकाच वाळूत बांधल्या. एका आईची तीन लेकरं. एक कुपोषित निघालं तर बाकी दोघांचं वजन नगं का करायला?" मधल्या खोलीत दुसरी आणि चौथी एकत्र बसायची. पलीकडच्या खोलीत पहिली, सत्तावीस पोरं.

ग्रामसभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की अहवाल चुकीचा आहे असा ठराव करा आणि उरलेल्या खोल्या तपासून मागा. सरपंचांनी हात जोडले. "बाई, ऐका जरा. जमिनीचं नाव आलं म्हणून तर नव्या खोलीला मंजुरी लवकर मिळायलीय. आता गुत्तेदाराचं नाव काढलं की चौकशी, कोर्ट, दहा वर्सं. गावाचं नुकसान हाय."

"आन मंजुरी येईस्तोवर पहिलीची पोरं कुठं बसायचीत?"

"आवो, जमीनच हलली व्हती त्या राती! सगळ्या गावानं ऐकली. तुमी एकट्याच म्हणायलाव न्हाई म्हणून. पुरावा काय? वाटी?"

लोक हसले. त्या रात्री हसले होते तसंच. बाईंनी वही उघडली, पण हसण्यात त्यांचं वाचणं कुणाला ऐकू जाईना. तेहतीस वर्षं ज्यांनी गावातलं एक पोर हातचं जाऊ दिलं नाही, त्यांना त्यांनीच वाढवलेली माणसं हसत होती, आणि मला एवढा राग आला की रडू यायला लागलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गिरणीवाल्याची बायको उठली. तिच्या नवऱ्याच्या पत्र्याची गोष्ट मी सांगितलीच आहे. ती ग्रामसभेत आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. "माझी वाटी त्या राती भरल्याली व्हती. राख कोरडी व्हती. म्या सोता डालगं उचललं."

ती खाली बसायच्या आत पाटलांच्या आळीतली म्हातारी काठी टेकत उठली. "माझीबी कोरडी. माझ्या नातवाची शपथ." मग मातंग वस्तीतल्या दोघी एकदम उठल्या. मग विहाराशेजारची नवी सून, कडेवर पोर घेऊन. "कोरडी." "आमचीबी कोरडी." एकेक बाई उठत होती, तेवढंच बोलत होती आणि उभीच राहत होती, खाली बसत नव्हती. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. दहा झाल्या. अकरावी वाटी माझी.

मी उठले आणि म्हणाले, "माझीही राख कोरडी होती. आणि त्या रात्री मी हसले होते, त्याची मला लाज वाटते."

सरपंचांनी उभ्या असलेल्या बायका एकेक करून मोजल्या. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "लिव्हा." ग्रामसेवकानं लिहिलं, 'एका निवृत्त महिलेच्या म्हणण्यानुसार'. बाईंनी वाचून दाखवायला लावलं आणि ती ओळ खोडायला लावली. "एका महिलेच्या न्हाई. अकराजणींची नावं घाला. पुरी नावं, बापाची-नवऱ्याची न्हाई, त्यांची." गिरणीवाल्याच्या बायकोनं आपलं नाव सांगितलं तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळलं. माझं नाव शेवटी आहे. माझ्या नोकरीत मला दोन-तीन सन्मानपत्रं मिळाली, ती मी कुणाला दाखवत नाही. त्या ठरावाचा फोटो मात्र माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि मी तो न विचारता दाखवते. बाईंचा मला अभिमान आहे, आणि त्या यादीत मी आहे याचाही. तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

ठराव वर गेला. महिन्यानंतर दुसरे इंजिनियर आले, हातोडी घेऊन, आणि त्यांनी भिंतीला कान लावून प्रत्येक खांब ठोकून पाहिला. मधली खोली धड निघाली. पहिलीच्या खोलीत ते दाराजवळच्या खांबापाशी थांबले. पुन्हा ठोकला. खालचं प्लास्टर हातानं ओढलं तर आतून वाळू भुरभुर सांडायला लागली. त्यांनी हातोडी हळूच खाली ठेवली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "आत्ता. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा सगळ्यांना."

हेडमास्तर स्वतः आत पळाले. पोरं अर्धवट आवरलेली दप्तरं छातीशी धरून निघाली. दाराबाहेर बाई उभ्या होत्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होत्या. माझा हात त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरला होता. पंचवीस झाल्यावर रांग थांबली. बाईंचा हात हवेत राहिला. मग आतून हेडमास्तर आले, एक पोर काखेत आणि एकाचं बखोट धरलेलं.

"सव्वीस, सत्तावीस," बाई म्हणाल्या. "पुरे हायत." आणि रिकाम्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली.